मंगलनाद : आपल्या विवाहसंगीताचा इतिहास व दूरस्थ विवाहातील त्याची निवड

विवाह हा संस्कार जितका डोळ्यांनी पाहावयाचा, तितकाच किंबहुना त्याहून अधिक कानांनी ऐकावयाचा आहे, ही गोष्ट आपल्या सहसा ध्यानात येत नाही. अंतरपाटाच्या दोहों अंगांस वधू व वर उभे राहतात, तेव्हा त्यांस परस्परांचे मुख दिसत नाही. मांडवाच्या टोकाशी बसलेल्या पाहुण्यास तर वधूही दिसत नाही आणि वरही दिसत नाही. तरीसुद्धा शेवटचे ‘सावधान’ कानी पडताच आणि वाजंत्र्यांचा एकच कल्लोळ उठताच शेकडो हातांतील अक्षता एकाच क्षणी सुटतात. जे दिसत नाही ते घडले, अशी साक्ष त्या ठिकाणी नाद देतो. विवाहातील संगीत हे आरंभी करमणुकीसाठी नसून साक्षीसाठी व सूचनेसाठी होते, हे एकदा मनात ठसले म्हणजे पुढील सर्व इतिहास सुलभ होतो.

ज्ञातिबंधुभगिनींनो, या वर्षीच्या स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहासविषयक लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. गडकिल्ल्यांचा आणि राजवंशांचा इतिहास लिहिणारे अधिकारी पुरुष पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखकाने सारा जन्म प्राथमिक शाळेच्या खोलीत घालविला, तेव्हा त्याने आपल्या घरातील, मांडवातील व जात्याजवळील इतिहास सांगावा, हेच उचित. शिवाय या विषयास आज एक नवे निमित्त मिळाले आहे. सन २०२० व २०२१ या महामारीच्या वर्षांत आपल्या ज्ञातीतील कित्येक विवाह पडद्यावर पाहण्याचा प्रसंग आला, आणि ती साथ ओसरल्यानंतरही परदेशस्थ आप्तांसाठी लग्न इंटरनेटवरून दाखविण्याची चाल कायम राहिली आहे. अशा लग्नात कोणते संगीत असावे, असा प्रश्न हल्ली तरुण मंडळी विचारतात. त्याचे उत्तर आवडीनिवडीपेक्षा इतिहासात अधिक सापडेल, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

ओवी आणि धवळे

आपल्या विवाहगीतांचे मूळ शोधू लागल्यास ते पुरोहिताच्या पोथीत नव्हे, तर स्त्रियांच्या कंठात सापडते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे आपली ओवी नऊशे वर्षांपूर्वीही इतकी प्रसिद्ध होती की, एका राजाने तिची आपल्या ग्रंथात नोंद घ्यावी. पुढे तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यातील प्रबंधाध्यायात ओवीबरोबरच ‘मंगल’ व ‘धवल’ हे गेय प्रकार आले आहेत, आणि धवल हा आशीर्वादपर गावयाचा, असे सांगितले आहे.

हा धवल म्हणजेच आपल्या मराठीतील धवळे. त्याच तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महानुभाव पंथातील महदंबा हिने रिद्धपूर येथे गोविंदप्रभूंच्या विवाहलीलेच्या प्रसंगी श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या स्वयंवराचे धवळे गायिले. मराठीतील आद्य कवयित्री म्हणून आपण जिचे नाव घेतो, तिची कीर्ती लग्नाच्या गाण्यांवर उभी आहे, ही गोष्ट प्रत्येक मराठी कुटुंबाने अभिमानाने सांगण्याजोगी आहे. पुढे एकनाथ महाराजांनी १५७१ साली काशीक्षेत्री ‘रुक्मिणीस्वयंवर’ पूर्ण केले. उपवर कन्येने त्याचे पारायण करावे, हा प्रघात आपल्या घरांतून अगदी परवापरवापर्यंत चालू होता.

धवळ्यांची परंपरा ग्रंथात बंद होऊन राहिली नाही. ठाणे, पालघर व रायगड या भागांतील आगरी, कोळी, वारली आदी समाजांत आजही धवलारीण नावाची वृद्ध स्त्री लग्नात धवळे गाते. कित्येक ठिकाणी तिच्या गाण्याशिवाय विधी पुढे सरकत नाही, आणि वारल्यांत तर लग्न लावण्याचा मान तिचाच असे. तेथे गाणे हे विधीची शोभा नव्हे, गाणे हाच विधी होय. पोथी वाचण्याचा अधिकार ज्यांस नव्हता, त्यांनी आपल्या गळ्यातच पोथी निर्माण केली.

आपल्याकडेही मुहूर्तमेढ रोवण्यापासून तो सूनमुख पाहण्यापर्यंत प्रत्येक पायरीचे गाणे वेगळे होते. मुसळाला आंब्याची पाने व हळकुंड बांधून सुवासिनी घाणा भरीत, तेव्हा घाण्याच्या ओव्या म्हणत. पहिली ओवी गणरायाला, मग कुलस्वामीला, मग माहेरच्या गोताला, असा तो क्रम असे. हळद लागताना हळदीची गाणी, तेलवणाची निराळी, रुखवत उघडताना निराळी, आणि विहिणीच्या पंगतीत एकमेकींस चिमटे काढणारी आणखी निराळी. सर्वांत शेवटी झाल. कन्या सासरच्या हाती सोपविताना जी गाणी म्हटली जात, ती ऐकून मांडवातील कठोर पुरुषही उपरण्याने डोळे टिपीत. या गाण्यांमुळे आंधळ्या आजीसही माजघरात बसल्या जागी कळे की, आता मांडवात काय चालले आहे.

वाजंत्री आणि त्यांची जागा

मांडवाबाहेरील नाद वाजंत्र्यांचा. सनई, तिच्या जोडीला अखंड एकच स्वर धरून ठेवणारा सूर, आणि तालाला संबळ किंवा चौघडा, हा मंगलवाद्यांचा मेळ देवळात, गडावर व लग्नघरी सारखाच मान्य होता. मिरवणुकीस डफ, ताशा, हलगी, शिंग, तुतारी असत. ही वाद्ये वाजविणारे गुरव, घडशी, होलार, मातंग, नाभिक अशा निरनिराळ्या समाजांतील लोक असत. गावोगाव यात भेद असला, तरी हक्क व बलुते ठरलेले असे.

घड्याळे नव्हती त्या काळी मुहूर्त घटिकापात्रावर पाहत. तळाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे पात्र पाण्यावर सोडावयाचे. ते भरून बुडाले म्हणजे एक घटका, अर्थात चोवीस मिनिटे झाली. पात्र बुडण्याची वेळ जवळ आली की मंगलाष्टकांस आरंभ होई. मंगलाष्टके बहुधा शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात, याचेही कारण विचार करण्यासारखे आहे. एकोणीस अक्षरांचा चरण, बाराव्या अक्षरावर यती, त्यामुळे म्हणणाऱ्यास श्वास घेण्यास अवसर मिळतो आणि मुहूर्त लांबल्यास स्वर लांबविता येतो. शेवटच्या क्षणी भटजींचा हात वर होई, वाजंत्री तो पाहत आणि एकदम वाद्यांचा गजर करीत. तो गजर म्हणजे वेशीपर्यंत पोहोचणारी द्वाही होती. शेतात राबणारा मनुष्यही तो ऐकून म्हणे, लग्न लागले.

येथे एक कटु सत्य सांगितल्याविना पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्यांच्या वाद्यावाचून आपले मंगल पुरे होत नसे, त्यांस आपल्या मांडवात बसण्यास जागा नव्हती. वाजंत्री बाहेर, दारापाशी किंवा झाडाखाली बसत. त्यांचे पान सर्वांच्या मागून आणि बहुधा वेगळे वाढले जाई. त्यांचा नाद शुभ आणि स्पर्श मात्र अशुभ, हा न्याय आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके चालविला. जातिसंस्थेच्या स्मरणिकेत तरी हे आपण उघडपणे लिहिले पाहिजे. आपल्या समाजाच्या अभ्युदयाची कथा सांगताना, आपल्या मांडवाबाहेर कोण उभे होते हे विसरणे शोभत नाही.

शब्द कोणाचे?

विवाहातील शब्द व स्वर कोणी निवडावे, हा प्रश्न आधुनिक काळात निकराने विचारला तो महात्मा जोतीराव फुले यांनी. २४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबर रोजी त्या समाजाच्या पद्धतीने पहिला विवाह झाला. त्यात पुरोहित नव्हता. १८८७ साली जोतीरावांनी मंगलाष्टकांसह सर्व पूजाविधीचे पुस्तक छापून काढले. त्यातील मंगलाष्टके मराठीत असून, वधू व वर यांनी परस्परांस द्यावयाची वचने त्यांत गोविली आहेत. जे शब्द उच्चारून आपण जन्माचे बांधले जातो, ते आपणांस समजले पाहिजेत, हा त्यामागील विचार होता. आज आपल्या लग्नांतूनही मराठी मंगलाष्टके म्हटली जातात आणि मामा, मावशी, आत्या हौसेने ती स्वतः रचून आणतात. त्या स्वातंत्र्याची किंमत एकोणिसाव्या शतकातील सुधारकांनी मोजली आहे, याची आठवण असावी.

पलटणी, तबकडी व लाऊडस्पीकर

इंग्रजी अमलात पलटणींबरोबर पितळी वाद्यांचा बँड या देशी आला. संस्थानिकांनी आपापल्या दरबारी बँडपथके बाळगली. गोव्यात पोर्तुगीज अमलात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांस पाश्चात्य स्वरलेखन शिकवीत, आणि तेथे तयार झालेले वादक पलटणींच्या व संस्थानांच्या बँडमध्ये आणि पुढे मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत मोठ्या संख्येने शिरले. हळूहळू लग्नाच्या वरातीतही बँड आला. ताशा मागे पडला आणि टोपी-गणवेश घातलेली मंडळी नाटकांच्या व चित्रपटांच्या चाली वाजवू लागली.

चाल कशी पडते, याचे एक परदेशी उदाहरण मनोरंजक आहे. जर्मन संगीतकार मेंडेलसोन याने १८४२ साली शेक्सपियरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकासाठी जे संगीत रचले, त्यात एक विवाहकूच होते. १८५८ च्या जानेवारीत व्हिक्टोरिया राणीच्या ज्येष्ठ कन्येच्या विवाहात ते वाजविले गेले, आणि तेव्हापासून ते त्यांच्याकडे लग्नाचे सनातन संगीत होऊन बसले. म्हणजे ज्यास आपण अनादि परंपरा समजतो, ती पुष्कळदा कोणा एका घरच्या मंडळींनी एके दिवशी केलेली निवड असते. आज आपण जी निवड करू, तीच आपल्या पणतवंडांची परंपरा होईल. म्हणून निवड विचारपूर्वक करावी.

१९०२ साली कलकत्त्यास हिंदुस्थानी गायनाचे ध्वनिमुद्रण झाले आणि तबकडीचे युग सुरू झाले. जुन्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटे वाजे. प्रहर प्रहर चालणारी सनई तीन मिनिटांत बसवावी लागली. परंतु त्याच तबकडीने उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची सनई गरिबाच्या दारीही आणली. १९१६ साली जन्मलेल्या या थोर कलावंताने २६ जानेवारी १९५० रोजी लाल किल्ल्यावर सनईवादन केले, २००१ मध्ये त्यांस भारतरत्न मिळाले आणि २००६ मध्ये त्यांचे देहावसान झाले. ते धर्माने मुसलमान आणि त्यांची सनई वाजली नाही असे हिंदूचे लग्न सापडणे कठीण! नादास जात नाही व पंथ नाही, याहून मोठा पुरावा कोणता द्यावा?

लाऊडस्पीकर आला आणि मांडवाचे रूप पालटले. एक तबकडी, एक कर्णा आणि सारे गाव ऐकते आहे! त्यानंतर १९८० च्या दशकात कॅसेटी आल्या, मंगलाष्टकेही कॅसेटीत मिळू लागली. सोय झाली यात संशय नाही. परंतु दोन गोष्टी गमावल्या. पहिली म्हणजे जिवंत वाजंत्र्याची भाकरी. दुसरी म्हणजे मांडवातील बायकांचा आवाज. कर्ण्यापुढे घाण्याची ओवी कोणास ऐकू येणार? आमच्या लहानपणी ज्या आत्या-मावश्या शंभर-शंभर ओव्या तोंडपाठ म्हणत, त्यांच्या सुना दहा म्हणू लागल्या आणि नातसुना ऐकू लागल्या. पुढे ध्वनीचा अतिरेक इतका झाला की, २००० साली केंद्र सरकारला ध्वनिप्रदूषणाचे नियम करून रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धकास बंदी करावी लागली.

महामारी आणि पडद्यावरील मांडव

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. ऐन लग्नसराईचे दिवस! पुढे पन्नास माणसांच्या मर्यादेत विवाहास मुभा मिळाली. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, महाराष्ट्रात ती मर्यादा पंचवीस माणसे आणि दोन तास इतकी आकुंचित झाली. ज्या ज्ञातीत वऱ्हाडच दोन-तीनशेचे, तेथे पंचविसांत कोणास घ्यावे व कोणास वगळावे? मग वधूवर, आईवडील व भटजी एका ठिकाणी आणि उरलेले गणगोत आपापल्या घरी मोबाईलसमोर, असा नवाच मांडव अस्तित्वात आला.

दूर राहून लग्न ही कल्पना मात्र सर्वस्वी नवी नाही. राजेरजवाड्यांत वर स्वतः न जाता आपला खांडा पाठवीत असे आणि त्या खांड्याशी वधूचे लग्न लागे. आपल्या आजच्या दूरस्थ समारंभात वधूवर एकत्रच असतात. दूर असते ते वऱ्हाड. आणि ते तसेच असावे. कारण १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमान्वये जेथे सप्तपदीची रीत आहे, तेथे सातवे पाऊल टाकल्यावरच विवाह पूर्ण होतो. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावले की, हिंदू विवाह हा केवळ नाचगाण्याचा व खाण्यापिण्याचा कार्यक्रम नसून संस्कार आहे, आणि विधी झाला नसेल तर नुसत्या नोंदणीच्या कागदाने विवाह सिद्ध होत नाही. तेव्हा संगीत विधीला पूरक असावे. ते विधीची जागा घेऊ शकत नाही.

पडद्यावरील मांडवात संगीताची जी अडचण होते, तिचे कारण साध्या गणिताने समजते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे दहा मीटरवर बसलेल्या माणसाचा स्वर आपणांस एका सेकंदाच्या तीन-शतांश भागाने उशिरा पोहोचतो. त्याहून अधिक विलंब झाल्यास एका तालात गाणे-वाजविणे जड जाऊ लागते. मुंबई व न्यूयॉर्क यांत सुमारे साडेबारा हजार किलोमीटरचे अंतर आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लक्ष किलोमीटर गेला, तरी एका बाजूचाच विलंब सेकंदाच्या सहा-शतांशांहून अधिक होतो. यंत्रांचा विलंब आणखी वेगळा. अर्थात मुंबईची मामी व न्यू जर्सीची मावशी यांनी एका सुरात मंगलाष्टक म्हणावे, ही हौस भौतिकशास्त्राच्या नियमांपुढे टिकत नाही. एकीने एक म्हणावे, ते संपल्यावर दुसरीने दुसरे म्हणावे, हाच मार्ग. आपल्या ओवीत तो पूर्वीपासूनच आहे. जात्याच्या एका बाजूची ओवी सोडते व दुसरी उचलते. दोघींस एकदम गाण्याची गरज पडत नाही.

दुसरी अडचण अशी की, संभाषणासाठी केलेली ही साधने एकसारख्या लांब स्वरास पंख्याची घरघर समजून दाबून टाकतात. सनईचा सूर तर नेमका तसा! म्हणून विधीपूर्वी जाणत्या मुलाकडून गोंगाट दाबण्याची ती योजना बंद करून घ्यावी, शक्य तर निराळा ध्वनिग्राहक भटजींजवळ ठेवावा आणि ऐकणाऱ्या सर्वांनी आपापला आवाज बंद ठेवावा.

तिसरी अडचण मालकीची. प्रताधिकार कायद्यात विवाहाची वरात व विवाहाशी निगडित समारंभ यांत गाणी वाजविण्यास सूट आहे, आणि २४ जुलै २०२३ रोजी केंद्र शासनाने जाहीर सूचना काढून तिचे स्मरणही करून दिले. परंतु इंटरनेटवर प्रसारण करताना गाणे ओळखून आवाज बंद करणारी जी स्वयंचलित यंत्रणा असते, तिला लग्न व जलसा यांतील भेद कळत नाही.

याचा अनुभव आमच्याच आप्तांत २०२१ च्या मे महिन्यात आला. मांडवात पंचवीस माणसे आणि पडद्यावर शेदीडशे. वधू मंडपात येताना एक लोकप्रिय चित्रपटगीत लावले आणि लागलीच सर्वांच्या मोबाईलवरील आवाज नाहीसा झाला. वधू चालते आहे, ओठ हलताहेत, आणि ऐकू काहीच येत नाही. मुलांनी ते प्रसारण सोडून घाईघाईने साध्या दूरध्वनीवर सर्वांस जोडले. तेवढ्या गोंधळात वधूची चुलत आजी, जी गावी एकटीच होती आणि जिला हे तंत्र काहीच ठाऊक नव्हते, ती आपल्या धिम्या स्वरात घाण्याची ओवी म्हणू लागली. प्रथम गणपती, मग कुलदेवी, मग वधूच्या पणजोबांपासून एकेकाचे नाव. कोणी तिला थांबविले नाही. त्या नावांतील दोन माणसे त्याच महिन्यात साथीने गेली होती. तिने तीही घेतली, जिवंत माणसाची घ्यावी तशी. मांडवातील वाद्ये, कर्णा, गीत, सर्व मुके झाले असता जे उरले, ते नऊशे वर्षांपूर्वी सोमेश्वर राजाने नोंदविलेलेच होते. त्या ओवीवर कोणाची मालकी नाही, म्हणून तिला कोणी बंद करू शकले नाही. ती आजी त्यानंतर वर्षभरात निवर्तली. तिच्या त्या दिवशीच्या चौदा ओव्या दुसऱ्या दिवशी तिच्याकडून विचारून वहीत उतरवून घेतल्या होत्या, एवढेच समाधान.

निवड कशी करावी

या सर्व इतिहासावरून दूरस्थ समारंभासाठी काही सूचना यथामति पुढे ठेवतो. कोणावर सक्ती नाही. रुचेल ते घ्यावे.

पहिली गोष्ट वेळेची. परदेशी आप्तांसाठी मुहूर्त निवडताना गोरज मुहूर्त सोयीचा पडतो. आपल्याकडे सायंकाळचे साडेसहा, तेव्हा न्यूयॉर्कला हिवाळ्यात सकाळचे आठ व लंडनला दुपारचा एक वाजलेला असतो. दुपारी साडेबाराच्या मुहूर्तास मात्र अमेरिकेतील भाचरांस पहाटे दोन वाजता उठावे लागेल.

दुसरी, प्रत्येक टप्प्यास एक निश्चित नाद ठरवावा. आरंभी सनई, हळदीस व घाण्यास बायकांची गाणी, अंतरपाटाच्या वेळी केवळ मंगलाष्टके, लग्न लागताच वाद्यांचा गजर, सप्तपदीच्या वेळी पूर्ण शांतता, शेवटी झालीचे गाणे. ज्यास चित्र नीट दिसत नाही, त्यास नुसत्या नादावरून विधी कोठवर आला हे कळले पाहिजे. जुन्या मांडवाची हीच कसोटी होती.

तिसरी, दूरच्या आप्तास केवळ प्रेक्षक करू नये. एकेक मंगलाष्टक एकेका घरास द्यावे व क्रम आधी ठरवावा. ज्यास मांडवात येता आले नाही, त्याचा स्वर तरी मांडवात यावा.

चौथी, तयार ध्वनिमुद्रणापेक्षा जिवंत वाजंत्र्यास बोलवावे. महामारीत लागोपाठ दोन लग्नसरायांत या मंडळींच्या हातांस काम नव्हते. लग्न पंचवीस माणसांचे असले, तरी सनई-संबळाच्या दोघा-तिघांस त्यांत जागा करावी. आणि ती जागा मांडवाच्या आत असावी. त्यांचे पान पहिल्या पंगतीस वाढावे व बिदागी मागून न घालता आधी द्यावी. पूर्वजांचे एवढे ऋण, खरे म्हणजे एवढा अन्याय, फेडण्याची संधी आपणांस आहे.

पाचवी सूचना आपल्या संस्थेस आहे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या संगृहीत केल्या, डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे तेच कार्य मोठ्या प्रमाणावर केले. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लक्षाहून अधिक ओव्या गोळा केल्या. परंतु आपल्या ज्ञातीच्या घाण्याच्या, हळदीच्या व झालीच्या गाण्यांचा, आपल्या कुलदैवतांची व गावांची नावे असलेला संग्रह अद्याप झालेला नाही. वधूवर सूचीसाठी आपण प्रतिवर्षी द्रव्य खर्च करतो. त्यातील अल्पसा भाग या कामी लावावा. प्रत्येक शाखेने आपल्या गावातील सत्तरीपुढील स्त्रियांची यादी करावी, मॅट्रिकच्या वर्गातील मुलामुलींस वही व मोबाईल देऊन त्यांच्याकडे पाठवावे, गाणे मुद्रित करावे, शब्द लिहून घ्यावे आणि गाणारीचे नाव आवर्जून नोंदवावे. आजवर आपल्या स्मरणिकेत देणगीदारांची नावे छापली. पुढील अंकात गाणाऱ्यांची छापावी.

हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. शिलालेख शंभर वर्षांनी वाचला तरी चालतो. वृद्धेच्या कंठातील ओवी पुढच्या लग्नसराईपर्यंत वाट पाहील, असा भरवसा कोणी द्यावा? मांडव मातीचा असो की पडद्यावरचा असो, त्यात आपल्या माणसाचा आवाज असला म्हणजे तो आपला मांडव. आपल्या सर्वांच्या घरी असे मंगलनाद वारंवार निनादोत, आणि ते गाणारे व वाजविणारे सर्वजण मांडवाच्या आत मानाने बसलेले असोत, एवढी प्रार्थना करून लेखणी खाली ठेवतो. इति शुभम्.